एक डोह, दोन गळ



महाडहून पोलादपूरला एस.टी.ने निघालात की सावित्री नदी बराच वेळ तुमच्या संगतीला असते. कधी ती रस्त्याजवळ येते, कधी शेतांपलीकडे दूर जाते. दिवाळी सरली की तिचे गढूळ पाणी निवळते आणि खडकांच्या मधले डोह हिरवट काचेसारखे दिसू लागतात. अशाच एका डोहावर पाहिलेली गोष्ट आधी सांगतो.

दोन मुले गळ टाकून बसली होती. एकाकडे दुकानातून आणलेला नवाकोरा सरंजाम होता. चकचकीत काठी, तिला रीळ, जाड दोरी, लिंबाएवढे तांबडे प्लॅस्टिकचे बूच आणि बोटाच्या पेराएवढा गळ. दुसऱ्याकडे चिव्याची सरळ काठी, केसासारखी बारीक दोरी, पांगाऱ्याच्या लाकडाची छोटी कांडी आणि नखावर मावेल एवढा गळ. आमिष मात्र दोघांचे एकच, एकाच डब्यातली गांडुळे. तासाभरात पहिल्याचे गांडूळ चार वेळा फस्त झाले आणि मासा एकही नाही. दुसऱ्याच्या पिशवीत तळहाताएवढे सात तिलापिया!

जवळच बैल धूत असलेले एक आजोबा पहिल्याला म्हणाले, "काय रे पोरा, ही दोरी मासा धरायला आणलीस की रेडा बांधायला?"

"आजोबा, दुकानदार म्हणाला, खूप मजबूत आहे."

"मजबूत आहे रे, पण माशाला त्याचं काय?"

आजोबांनी गोष्ट हसण्यावारी नेली, पण त्यांचा प्रश्न खरा आहे. गळाचा सरंजाम निवडताना आपण माणसाच्या नजरेने निवडतो. तो माशाच्या तोंडाने, डोळ्यांनी आणि नाकाने निवडायला हवा. कसा, ते आता पाहू.

बुचाचे गणित

बूच दोन कामे करते. आमिष ठरावीक खोलीवर लटकत ठेवते, आणि माशाने तोंड लावल्याची बातमी आपल्याला देते. बातमी लवकर मिळायची तर बूच सहज बुडायला हवे. इथेच बहुतेकांची चूक होते. चांगले तरंगते ते चांगले बूच, असे त्यांना वाटते.

दुसऱ्या मुलाची पांगाऱ्याची कांडी ६ सें.मी. लांब आणि १ सें.मी. जाड होती असे समजा. तिचे घनफळ ३.१४ × ०.५ × ०.५ × ६, म्हणजे सुमारे ४.७ घन सें.मी. वाळलेला पांगारा फार हलका असतो. तेवढ्याच घनफळाच्या पाण्याच्या साधारण एकतृतीयांश त्याचे वजन भरते. म्हणजे आपली कांडी झाली १.६ ग्रॅमची. ती पूर्ण बुडवली तर ती ४.७ ग्रॅम पाणी बाजूला सारील. आर्किमिडीजचे तत्त्व तुम्ही शिकला आहातच. त्याप्रमाणे तिला बुडवून ठेवायला ४.७ वजा १.६, म्हणजे ३.१ ग्रॅम वजनाची ओढ लागेल.

आता दोरीला ३ ग्रॅमचा लोखंडी नट बांधा. लोखंडाची घनता ७.८, तेव्हा नट स्वतःही सुमारे ०.४ घन सें.मी. पाणी सारतो आणि पाण्यात त्याचे वजन २.६ ग्रॅमच भरते. ३.१ मधून २.६ गेले, उरला अर्धा ग्रॅम. माशाने अर्ध्या ग्रॅमची ओढ दिली की बूच गडप!

पहिल्या मुलाच्या बुचाचा हिशेब करू. ४ सें.मी. व्यासाचा पोकळ चेंडू म्हणजे सुमारे ३३ घन सें.मी. त्याचे वजन ५ ग्रॅम धरले तर त्याला बुडवायला २८ ग्रॅमची ओढ हवी. तळहाताएवढा मासा गांडूळ पाण्यासकट तोंडात ओढून घेतो. ते मोकळेपणे आत आले तर ठीक. मागून कोणी ओढते आहे असे जाणवले तर क्षणात बाहेर फेकतो, किंवा लोंबणारे टोक तोडून निघून जातो. त्या चेंडूच्या मालकाला यातले काहीच कळत नाही. त्याचे बूच नुसते डुलत राहते, आणि त्याला वाटते, लाट असेल.

घरी बादलीत हा प्रयोग अवश्य करा. कांडीला एकेक छोटा नट, वॉशर किंवा तारेचा तुकडा लावत जा आणि तिचे टोक जेमतेम सेंटिमीटरभर वर राहील तिथे थांबा. वजनासाठी पुष्कळजण शिशाच्या गोळ्या वापरतात, आणि त्या दोरीवर दाताने दाबून बसवतात! शिसे विषारी आहे. गळून पडलेल्या शिशाच्या गोळ्या खाऊन हंस मरू लागले म्हणून ब्रिटनमध्ये १९८७ साली गळाच्या लहान शिसेगोळ्यांवर बंदी आली. आपला लोखंडी नट काय वाईट आहे?

गळाचा उलटा आकडा

दुकानात गळ मागायला गेलात की एक गंमत कळते. गळाचा नंबर वाढतो तसा गळ लहान होतो. १६ नंबरचा गळ इवलासा, १० नंबरचा त्याहून मोठा आणि १ नंबरचा चांगलाच दांडगा. त्याहूनही मोठे गळ १/०, २/० असे चढत जातात. हे ठाऊक नसले म्हणजे माणूस "मोठा नंबर द्या" म्हणतो आणि हातात मुंगीएवढा गळ पडतो.

गळाचे टोक आणि दांडी यांतले अंतर माशाच्या तोंडापेक्षा पुष्कळ कमी हवे. तळहाताएवढ्या तिलापियाला १० किंवा १२ नंबर पुरतो. त्याहून मोठा गळ त्याच्या तोंडात शिरतच नाही. पहिल्या मुलाची गांडुळे कुठे गेली ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. मासे त्याच्या गळाभोवती बसून जेवत होते!

अमेरिकेतल्या तळ्यांत क्रॅपी नावाचा एक चपटा, उंच पाठीचा मासा असतो. तो आणि त्याची भावंडे तव्यावर अख्खी मावतात, म्हणून तिकडे या साऱ्यांना 'पॅनफिश', म्हणजे तव्यावरचे मासे म्हणतात. क्रॅपीच्या तोंडाभोवतीची त्वचा इतकी पातळ की जोरात हिसका दिला तर ती फाटते आणि मासा सुटतो. म्हणून तिथले लोक बारीक तारेचा गळ आणि एक-दोन ग्रॅमचे आमिष वापरतात. आपला तिलापिया क्रॅपीच्या कुळातला नव्हे, पण बांधा तसाच, चपटा आणि काटेरी पाठीचा. तेव्हा हलक्या हाताचा नियम दोघांनाही लागू. गोव्यात ज्याला काळुंदर म्हणतात तो खाडीतला देशी मासा मात्र तिलापियाचा खरा भाऊबंद आहे.

गळाच्या टोकाशी आतल्या बाजूला उलटा काटा असतो. तो मासा सुटू देत नाही, आणि तुमच्या बोटात शिरला तर तुम्हालाही सुटू देत नाही. पक्कडीने तो काटा दाबून सपाट करा. दोरी ताणलेली ठेवली तर मासा सहसा सुटत नाही, आणि सोडायचा असेल तेव्हा त्याला इजा न करता सोडता येतो. हा 'सोडायचा असेल तेव्हा' फार महत्त्वाचा आहे. त्याकडे पुढे येऊच.

दोरी आणि काठी

पूर्वी गळाची दोरी घोड्याच्या केसांची, रेशमाची, किंवा रेशीमकिड्याच्या पोटातील ग्रंथी ताणून केलेल्या तातीची असे. १९३५ साली अमेरिकेत वॉलेस कॅरोथर्स यांच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले आणि पुढे सारे चित्रच बदलले. ०.२ मि.मी. जाडीचा नायलॉनचा धागा साधारण दोन किलोचे ओझे पेलतो. मग ०.४ मि.मी. जाडीचा किती पेलील? चार किलो म्हणालात तर चुकलात. ताकद छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते आणि क्षेत्रफळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेव्हा उत्तर आठ किलो. शंभर ग्रॅमच्या माशाला आठ किलोची दोरी कशाला? जाड दोरी ताठ असते. तिला बांधलेले गांडूळ मोकळ्या गांडुळासारखे हलत नाही, आणि निवळ पाण्यात ती दिसतेही.

दोरी तुटते ती बहुधा गाठीपाशी. कोरडी गाठ ओढली की घर्षणाने उष्णता होते आणि नायलॉन तिथे दुबळे पडते. म्हणून गाठ आवळण्यापूर्वी पाण्यात बुडवा. तुटलेली दोरी काठावर टाकू नका. ती कुजत नाही, आणि बगळ्याच्या किंवा खंड्याच्या पायात अडकली तर पाखरू उपाशी मरते. गुंडाळून खिशात घाला.

काठीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ती लवचीक हवी एवढेच. मासा उसळतो तेव्हा काठी वाकते आणि झटका पोटात घेते. काठी म्हणजे एक लांबलचक स्प्रिंगच समजा. ताठ काठी असेल तर तोच झटका सगळा दोरीवर येतो. या कामाला चिव्याची काठी मला दुकानी काठीपेक्षा अधिक आवडते, आणि ती फुकट मिळते. रिळाची तर इथे गरजच नाही.

तोंड पाहून आमिष

कोणता मासा काय खातो हे त्याचे तोंड सांगते. तोंड वरच्या बाजूला वळलेले असेल तर तो पाण्याच्या पृष्ठभागावरचे किडे टिपणारा. डोहात वरवर चमकणारे बोटभर लांबीचे चंदेरी मासे असे असतात. त्यांना १६ नंबरच्या गळावर मुंगीएवढे आमिष वितभर खोल पुरते. तोंड खाली असेल आणि मिशा असतील तर तो तळ धुंडाळणारा. शिंगटीच्या मिशांवर चव घेणाऱ्या पेशी असतात. ती अंधारात आणि गढूळ पाण्यातही नुसत्या मिशा फिरवून अन्न ओळखते. तिला गांडूळ तळावर टेकलेले हवे. ती काढताना जपा. तिच्या छातीवरचे आणि पाठीवरचे काटे फार दुखवतात.

तिलापिया यांच्या मधला. शेवाळ, कणीक, भात, गांडूळ, त्याला काहीही चालते. कणकेच्या गोळीत कापसाचे चार तंतू मळा, म्हणजे ती पाण्यात लवकर विरघळत नाही.

हे ज्ञान नवे नाही बरे का! चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात, सन ११३० च्या सुमारास, 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. जुन्या मराठीतील काही ओळी आढळतात म्हणून आपल्या भाषेच्या अभ्यासकांना तो प्रिय आहे. त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' हे गळाने मासे धरण्यावरचे प्रकरण आहे. माशांचे प्रकार, आणि कोणत्या माशाला कोणते खाद्य घालून वळवावे, हे राजाने तपशिलाने सांगितले आहे. आणि मानव गळ वापरू लागला तो याच्याही कितीतरी आधी. जपानच्या ओकिनावा बेटावरील एका गुहेत शंखाचे गळ सापडले, ते सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे आहेत.

आता खोटी आमिषे. धातूची चमकती पाती, पिसांचा झुबका, रबरी मासोळी अशी अनेक मिळतात. ती खाण्याची नसतात, फसवण्याची असतात. त्यामुळे दुसऱ्या माशांना पकडून खाणाऱ्या माशांसाठीच ती कामाची. पाण्यातून ओढताना पाते फिरते, चमकते आणि कंप निर्माण करते. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ दिसते. तिला पार्श्वरेखा म्हणतात. पाण्यातले मंद कंप तिच्याने माशाला जाणवतात. म्हणून थोड्याशा गढूळ पाण्यातही मरळ फिरत्या पात्यावर झडप घालते. मरळीला बेडूक आवडतो, म्हणून काही लोक जिवंत बेडूक गळाला लावतात. तसे करू नका. आपला मोठा बेडूक १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, आणि रबरी बेडकानेही काम भागते.

रंगाचे म्हणाल तर दुकानदार जितके कौतुक करतो तितके नसते. पाण्यात तांबडा रंग सर्वांत आधी मावळतो. खोल पाण्यात तांबडे आमिष काळपट दिसते. माझ्या मते सावित्रीच्या निवळ डोहाला एक लहान चंदेरी पाते पुरे. बाकी रंगीबेरंगी डबा माणसांना पकडण्यासाठी असतो.

मासा तुम्हाला पाहतो

काठावर उभे राहून वाकून बघितले की मासे पळतात, हे तुम्ही अनुभवले असेल. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे माशाला पाण्याबाहेरचे सारे जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसते. या खिडकीचा कोन सुमारे ९७ अंशांचा. मासा एक मीटर खोल असेल तर खिडकीची त्रिज्या सुमारे १.१ मीटर. खिडकीच्या मधोमध असलेली वस्तू ठळक दिसते, क्षितिजालगतची वस्तू कडेला चेपून अंधूक दिसते. मग काय करायचे? उभे राहू नका, काठापासून दोन पावले मागे बसा, आणि आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका.

मागे बसण्याचे दुसरेही कारण आहे, आणि ते अधिक गंभीर आहे. महाडच्या आसपास सावित्रीत मगरी आहेत. डोहाच्या काठी पाण्यात पाय सोडून बसणे, संध्याकाळी गळ टाकणे, अडकलेला गळ सोडवायला पाण्यात उतरणे, यांतले काहीही करू नका. दोन रुपयांचा गळ गेला तर जाऊ द्या. मोठे माणूस बरोबर असल्याशिवाय नदीवर जाऊच नका.

कोणाला धरायचे, कोणाला सोडायचे

गळ निवडणे म्हणजे मासा निवडणे. जाळ्यापेक्षा गळाचा हा मोठा गुण आहे. तो एका वेळी एकच मासा आणतो, बहुधा जिवंत, आणि ठेवायचा की सोडायचा हे ठरवायला आपल्याला वेळ देतो.

तिलापिया खुशाल घरी न्या. तो आफ्रिकेतला, भारतात १९५२ साली आणला गेला. मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्ले फार जगतात. गोड्या पाण्यात राहतो, मचूळ पाण्यातही राहतो. आज तो महाराष्ट्रभर तळ्यांतून आणि संथ डोहांतून पसरला असून देशी माशांचे अन्न आणि जागा बळकावतो आहे. तो कमी झाला तर सावित्रीचे काही बिघडत नाही. मात्र कारखान्यांच्या सांडपाण्याच्या वाटेखाली धरलेला कोणताच मासा खाऊ नका.

मरळीचे निराळे. पावसाळ्यात ती पिल्लांवर पहारा करते. पाण्यावर तांबूस पिल्लांचा थवा दिसला तर जवळ आई-बाप आहेत असे समजा आणि तिथे गळ टाकू नका. पालक गेले की बाकीचे मासे तो थवा फस्त करतात. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला ओढ्यांतून, शेतांतून वर चढतात. त्यांना आपल्याकडे वलगणीचे मासे म्हणतात. गाभोळीने भरलेला मासा चविष्ट लागतो हे मला ठाऊक आहे. पण त्या एका माशाबरोबर पुढच्या वर्षीचे हजारो मासे ताटात येतात.

आणि पोलादपूरच्या वरच्या अंगाला, स्वच्छ वाहत्या पाण्यात, मोठ्या खवल्यांचा, जाड ओठांचा, दोन जोड्या मिशांचा मासा गळाला लागला तर हात ओले करून त्याला हळूच सोडा. ते महसीरचे पिल्लू असण्याचा संभव आहे. कोरड्या हाताने धरले तर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग जडतो. आपल्या सह्याद्रीतल्या एका महसीरचे शास्त्रीय नाव 'टॉर खुद्री' आहे. कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशाचे वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले आणि स्थानिक लोकांच्या तोंडचे नावच शास्त्रात घेतले. लोणावळ्याजवळ वळवण धरणावर टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरची बीजपैदास होत आली आहे. म्हणजे ज्या माशाची पिल्ले मुद्दाम वाढवावी लागतात, तो आपण तव्यावर टाकायचा?

गळवाल्याच्या पिशवीत सात मासे येतात. पण डोहात ब्लीचिंग पावडर ओतणारा किंवा सुरुंग उडवणारा माणूस सातांसाठी सातशे मारतो, त्यांत बोटभर पिल्लेही आली, खेकडेही आले. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने विष आणि स्फोटके वापरून मासे मारणे गुन्हा ठरवला. तरी पाणी आटू लागले की असे प्रकार घडतात. असे काही दिसले तर स्वतः भांडायला जाऊ नका. गुरुजींना, सरपंचांना सांगा.

वाळण कोंडीचे कुरमुरे

महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. काठी वरदायिनी देवीचे स्थान आहे. हा डोह आणि त्यातले मासे देवीचे मानले जातात, म्हणून तिथे कोणी गळ टाकत नाही की जाळे लावत नाही. ते मासे महसीर आहेत. लोक कुरमुरे टाकतात आणि मोठमोठे मासे वर येतात. महसीर बिनधास्त आणि अगदी जवळून बघायची अशी जागा मिळणे कठीण. गळ घरी ठेवून एकदा वर्गाची सहल तिकडे न्या.

तिथे गेलात की एक गोष्ट नीट पाहा. महसीरचे तोंड किंचित खाली वळलेले असते, मिशाही असतात. म्हणजे आपल्या वरच्या हिशेबाने तो तळाशी अन्न शोधणारा. कुरमुरे तर पाण्यावर तरंगतात. मग तो ते खातो कसे? अंग कोणत्या बाजूला वळवतो, तोंड पाण्याबाहेर किती काढतो, कुरमुऱ्याबरोबर हवाही गिळतो का, मिशांचा काही उपयोग करतो का? मूठभर कुरमुरे एकदम टाकू नका. एकेक टाका, आणि चित्र काढायला वही बरोबर न्या.